खाऱ्या पाण्यातील मासा अन्न सोडतो तेव्हा

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. छावणीचे पाच विभाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ याच नावांनी ओळखले जातात. त्यांपैकी कॅम्प ४ हा रेल्वेमार्गाच्या पूर्वेस वसलेला आहे. या नगरीचे आराध्य दैवत झुलेलाल हे माशावर आरूढ झालेले दाखविले जाते. तो मासा म्हणजे समुद्रातून सिंधू नदीत प्रवाहाविरुद्ध चढून येणारा पल्लो होय. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात जाण्याची ही किमया मात्र फार थोड्या माशांना साधते. बाकीच्यांना निसर्गाने आपापली पाण्याची सीमा आखून दिली आहे आणि ती माणसाने ओलांडावयास लावली, की अडचणी सुरू होतात.

घरात, दुकानात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षालयात काचेच्या टाकीत मासे पाळणे हे आता शहरी भागात अपूर्वाईचे राहिलेले नाही. यांतील बहुतेक मासे गोड्या पाण्यातील असतात. परंतु प्रवाळांच्या सान्निध्यात राहणाऱ्या समुद्री माशांचे रंग असे काही मोहक असतात, की थोडा अनुभव गाठीस आला म्हणजे अनेकांना खाऱ्या पाण्याच्या टाकीची ओढ लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५८ किलोमीटर आत असलेल्या उल्हासनगरात अशी टाकी ठेवणे म्हणजे एका अर्थी घरात लहानसा समुद्र निर्माण करणे होय. हा समुद्र सिद्ध होतो, मासा येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो अन्नाला तोंडच लावीत नाही, अशी तक्रार हमखास ऐकू येते. खर्चाने आणलेला जीव डोळ्यांदेखत झिजत जातो आणि घरातील मंडळी हतबल होऊन पाहत राहतात. यात पैशाची हानी तर आहेच. परंतु यांतील बहुतांश मासे आजही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. टाकीत उपाशी मेलेला प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळभित्तीवरून कायमचा उणा झालेला एक जीव, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व पटते.

उपोषण केव्हा चिंताजनक?

नवा मासा पहिले दोन-तीन दिवस खात नाही, यात विशेष काही नाही. पकडला जाणे, साठवणुकीत राहणे, पिशवीतून दूरचा प्रवास करणे आणि अखेर अनोळखी टाकीत सोडले जाणे, एवढ्या दगदगीनंतर कोणताही प्राणी बावरलेला असतो. अशा वेळी उपोषणाचे दिवस मोजण्यापेक्षा माशाच्या शरीराकडे पाहावे. पोट आत ओढले गेले असेल आणि डोक्यामागील पाठीचा भाग खोलगट दिसू लागला असेल, तर शरीरातील साठा संपत आला असे समजावे.

सर्व माशांची सहनशक्ती सारखी नसते. मोठी शिकार गिळून दीर्घकाळ स्वस्थ पडून राहणारे लायन फिश किंवा हेकरू यांसारखे मासे कित्येक दिवस अन्नावाचून काढू शकतात. याउलट मँडेरिनसारखा इवलासा मासा निसर्गात दिवसभर खडकावरील सूक्ष्म जीव टिपत असतो. त्याच्या अंगी साठा असा नसतोच. त्याचे चार दिवसांचे उपोषण हे हेकरूच्या कित्येक आठवड्यांच्या उपोषणाहून गंभीर होय.

प्रथम पाणी पाहावे

मासा खात नाही असे दिसताच निरनिराळे खाद्य आणून टाकीत टाकण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. न खाल्लेले अन्न कुजते, पाणी बिघडते आणि बिघडलेल्या पाण्यात मासा अधिकच अन्न नाकारतो. म्हणून पहिली तपासणी पाण्याची करावी. त्यासाठी लागणारे तपासणी संच मत्स्यपेट्यांच्या दुकानांत मिळतात.

माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गाळणीत व दगडांवर या जीवाणूंची वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली आणि त्याच आठवड्यात मासे सोडले, तर ही व्यवस्था उभीच राहिलेली नसते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते व अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून गोड्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती खाऱ्या पाण्यात खपत नाही. अमोनिया व नायट्राइट या दोहोंचे प्रमाण शून्य असावयास हवे. तसे नसल्यास खाद्य बंद ठेवून टाकीतील पाण्याचा काही भाग बदलणे हाच उपाय होय.

दुसरी बाब क्षारतेची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीस सुमारे साडेतीन किलो समुद्री क्षारमिश्रण लागते. घरातील मीठ येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी द्रव्ये त्यात पुरेशी नसतात. कल्याणच्या खाडीचे पाणी जवळ आहे म्हणून आणू नये. ते निमखारे व प्रदूषित असते. टाकीतील पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ पाणी उडते, क्षार मागेच राहतात. म्हणून घटलेली पातळी भरून काढताना खारे नव्हे, तर गोडे पाणी घालावे. ही साधी गोष्ट न कळल्यामुळे अनेक टाक्या उन्हाळ्यात हळूहळू अतिखारट होत जातात. उल्हासनगरला नळाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या योजनेतून मिळते आणि पिण्यासाठी योग्य व्हावे म्हणून त्यात क्लोरिन मिसळलेला असतो. माणसास हितकर असलेला हा क्लोरिन माशाच्या कल्ल्यांना जाळतो. तो सोडियम थायोसल्फेटने किंवा तत्सम द्रावणाने नाहीसा केल्याशिवाय नळाचे पाणी वापरू नये.

तिसरी बाब तापमानाची. प्रवाळक्षेत्रातील माशांना साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान चाळीस अंशांच्या जवळ जाते. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतील लहान टाकी अशा वेळी झपाट्याने तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो व मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. अशा माशाला भूक कोठून असणार? टाकीवरील झाकण काढून पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. वीज खंडित झाल्यास बॅटरीवर चालणारा हवापंप हाताशी असावा.

शेजार व निवारा

पाणी निर्दोष आढळल्यास दृष्टी टाकीतील शेजाराकडे वळवावी. समुद्री मासे आपल्या जागेविषयी विलक्षण दक्ष असतात. आधी आलेला डॅमसेलसारखा चिमुकला मासाही नव्या पाहुण्याला कोपऱ्यातून बाहेर येऊ देत नाही. मार दिसत नाही, फाटलेले पर दिसत नाहीत. तरी दहशतीमुळे पाहुणा अन्नाजवळ फिरकत नाही. खाद्य टाकण्याच्या वेळी दूर उभे राहून दहा मिनिटे शांतपणे निरीक्षण केल्यास हा प्रकार उघड होतो.

यावर उपाय असा की, नव्या माशाला छिद्रे पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून ती पेटी त्याच टाकीत बसवावी. पाणी तेच राहते, जुने मासे दिसत राहतात, परंतु त्यांचा उपद्रव होत नाही आणि खाद्य थेट नव्या माशापुढे ठेवता येते. आठवडाभरात जुन्या माशांचाही राग निवळतो. याशिवाय लपण्यासाठी दगडांच्या कपारी असाव्यात, पहिले काही दिवस दिवा मंद ठेवावा आणि मुलांना काचेवर टिचक्या मारू देऊ नयेत. ज्याला लपावयास जागा आहे तोच मासा निर्धास्तपणे बाहेर येतो.

रोगाची शंका

अन्न सोडणे हे अनेकदा रोगाचे पहिले लक्षण असते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे, बारीक सोनेरी धुळीसारखा थर चढणे, मासा दगडावर अंग घासणे, श्वासाची गती वाढणे, ही परोपजीवी जंतूंची चिन्हे होत. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसल्यास आतड्यातील जंतांचा संशय घ्यावा. अशा माशाला वेगळ्या टाकीत ठेवून उपचार करावे लागतात. पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध गुणकारी असले, तरी ते प्रवाळ, कोळंबी, शंख-शिंपले यांना मारक असल्याने मुख्य टाकीत कधीही घालू नये. प्रत्येक नवा मासा प्रथम सुमारे चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवण्याची पद्धत यासाठीच पडली आहे. या काळात रोग तर कळतोच. शिवाय स्पर्धा नसल्यामुळे मासा अन्नही लवकर घेऊ लागतो.

एक कारण मात्र असे आहे, की ज्यावर उपाय नाही. फिलिपीन्स व इंडोनेशियाच्या समुद्रात मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडच्या द्रावणाचा वापर होत आला आहे. अशा माशाचे यकृत व इतर अंतर्गत अवयव दुखावलेले असतात. तो वरून टवटवीत दिसतो, क्वचित खातोही. परंतु काही दिवसांत दगावतो. पाळणाऱ्याच्या हाती येथे काही राहत नाही. खरेदीच्या वेळची दक्षता हाच काय तो बचाव.

कोण काय खातो?

पाणी, शेजार व प्रकृती या तिन्ही बाबी ठीक असूनही मासा खात नसेल, तर त्याला दिलेला पदार्थ त्याच्या लेखी अन्नच नाही, असा अर्थ होतो. पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी गोळी त्याने जन्मात पाहिलेली नसते. म्हणून तो मासा निसर्गात काय खातो, कसे खातो व कोणत्या वेळी खातो, याची माहिती करून घ्यावी.

कॉपरबँड बटरफ्लाय या पट्टेदार माशाचे तोंड चिमट्यासारखे लांब असते. दगडांच्या फटींतून कृमी व लहान जीव टिपण्यासाठीच ते घडलेले आहे. बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या स्वच्छ धुऊन, एक शिंपली अर्धवट उघडून टाकीच्या तळाशी ठेवली, तर अनेकदा हा मासा प्रथम तिच्याभोवती घिरट्या घालतो व मग आतील मांस टोचू लागतो. दोन-तीन तासांत उरलेले मांस काढून टाकावे. एकदा शिंपलीशी ओळख झाली, की तीच रिकामी शिंपली बशीसारखी वापरून तिच्यात कोळंबीचा बारीक कीस ठेवावा. भांडे ओळखीचे असल्याने त्यातील नवा पदार्थही तो स्वीकारतो.

लायन फिश हालचाल करणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतो. निर्जीव तुकडा समोर पडला तरी तो ढुंकून पाहत नाही. काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा हलकेच अडकवून त्याच्यापुढे जिवंत भक्ष्याप्रमाणे हलवावा. त्याच्या पाठीवरील काटे विषारी असल्याने काडी लांब असावी व हात पाण्यात घालू नये. अशा माशांना स्वस्तात मिळणारे जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची रीत मात्र सोडून द्यावी. गोल्डफिशच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते व केवळ त्यावर वाढलेला मासा कालांतराने दुर्बळ होतो.

सर्जन फिश हा मुख्यत्वे शाकाहारी. त्याच्यासाठी मसाला वा मीठ नसलेला वाळविलेला समुद्री शेवाळाचा तुकडा दगडाला दोऱ्याने बांधून ठेवावा. दगडावर चरण्याची त्याची सवय लगेच जागी होते. निशाचर माशांना दिवे मालवल्यानंतर खाद्य द्यावे. मँडेरिनचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. त्याला दगडांवर सतत वाढणारे सूक्ष्म कवचधारी जीव लागतात आणि ते जुन्या, भरपूर दगड असलेल्या मोठ्या टाकीतच टिकतात. नव्या, लहान टाकीसाठी हा मासा घेऊच नये, हा सल्ला ऐकण्यास कठोर वाटला तरी तोच हिताचा आहे.

जिवंत खाद्याकडून साध्या खाद्याकडे

उपोषण सोडविण्याचे सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे आर्टेमिया नावाचा खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबीवर्गीय जीव. त्याची वाळलेली अंडी डब्यांतून विकत मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून, सुमारे २८ अंश तापमानात, हवेचे बुडबुडे जोराने सोडून व वर दिवा लावून ठेवल्यास साधारण २४ तासांत पिले बाहेर पडतात. मग हवा बंद करून भांड्याच्या एका बाजूस उजेड दाखवावा. पिले उजेडाकडे गोळा होतात, कवचे बाजूला राहतात. पिले तलम कापडाने गाळून घेऊन टाकीत सोडावीत. त्यांची लुकलुकती हालचाल पाहून हट्टी मासाही मोहात पडतो. शाळेतील प्रयोगशाळेतही हा प्रयोग सहज करता येण्याजोगा असून जीवशास्त्राच्या शिक्षकांनी तो अवश्य करून पाहावा.

तथापि आर्टेमिया हे पूर्णान्न नव्हे. समुद्री माशांना लागणारी काही स्निग्ध द्रव्ये त्यात अपुरी असतात. म्हणून ते केवळ आमिष समजावे. पुढील पायरी गोठवलेल्या अन्नाची. आपल्याकडील ताजा जवळा, सोललेली कोळंबी, तिसऱ्यांचे मांस हे स्वच्छ धुऊन, बारीक करून, काही दिवस गोठवून ठेवावे. गोठविल्याने त्यांतील बऱ्याच परोपजीवींचा नाश होतो. वापरताना तुकडा टाकीतल्या पाण्यात वितळवून, गढूळ पाणी फेकून द्यावे. प्रारंभी जिवंत खाद्य अधिक व गोठवलेले किंचित असे मिश्रण द्यावे आणि मासा नेमाने खाऊ लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत प्रमाण हळूहळू उलटे करावे. कोरडे दाणे सर्वांत शेवटी. लसणाचा रस चोळल्याने भूक लागते असे अनेक जण सांगतात. त्यावर विसंबून राहण्यापेक्षा वेळ व प्रकार यांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते.

खाद्य थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. वेळ व जागा ठरलेली असावी. काही न खाल्ल्यास दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले नळीने शोषून घ्यावे. शेजारी बिनधास्त खाणारा एखादा शांत मासा असेल, तर त्याचे पाहून नवाही खावयास शिकतो. प्रत्येक दिवशी काय दिले, काय घेतले व पाण्याचे मोजमाप काय आले, याची वही ठेवल्यास दोष कोठे आहे हे लवकर ध्यानात येते.

खरेदीपूर्वीचा विचार

हा सर्व खटाटोप टाळण्याचा मार्ग दुकानातच आहे. मासा विकत घेण्यापूर्वी दुकानदारास तो खाऊन दाखवावयास सांगावे. खात नसेल तर घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवून घ्यावे. दूरच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो व पिशवी उघडताच तो अधिक जाचक होऊ लागतो, म्हणून उघडलेल्या पिशवीत मासा तासन्‌तास ठेवू नये. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावयास हवी. समुद्रघोडे व त्यांच्या कुळातील नळीमासे, तसेच प्रवाळ यांचा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश करण्यात आला. समुद्रघोडा खात नाही म्हणून सल्ला विचारणाऱ्यास प्रथम हे सांगावे लागेल, की आपल्या सागरातील समुद्रघोडा पकडणे, विकणे व बाळगणे हाच गुन्हा आहे. आपल्याच राज्यात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून तेथील प्रवाळांभोवती नाना रंगांचे मासे नांदतात. ते तेथेच राहावेत, यातच सर्वांचे हित आहे.

याला चांगला पर्याय उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन व डॅमसेल जातींच्या माशांचे बंदिस्त प्रजनन साध्य केले आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था व महाराष्ट्र शासनाचे कांदळवन प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने सागरी शोभिवंत जीवांच्या संवर्धनाचे कार्य उभे राहिले. टाकीतच जन्मलेले असे मासे लहानपणापासून तयार खाद्यावर वाढतात. त्यांना समुद्राचा विरह नाही आणि उपोषणाची सवयही नाही. नवशिक्याने प्रारंभ यांच्यापासूनच करावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनासही अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींनी बचत गटांना या व्यवसायाची माहिती करून देताना गोड्या पाण्यातील मासे ही पहिली पायरी ठेवावी. खाऱ्या पाण्याकडे पुरेशा अनुभवानंतरच वळावे.

अखेरची एक सूचना. कंटाळा आला, मासा खात नाही, म्हणून त्याला उल्हास वा वालधुनी नदीत किंवा खाडीत सोडणे ही भूतदया नव्हे. गोड्या पाण्यात समुद्री मासा तडफडून मरतो आणि परका मासा समुद्रात तगला, तर अनर्थ करतो. लायन फिश हा मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतला. १९८० च्या दशकात तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. शौकिनांनी टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून तो पसरला असे मानले जाते आणि आज कॅरिबियन समुद्रातील स्थानिक माशांच्या मुळावर तो उठला आहे. नको असलेला मासा दुकानदारास किंवा जाणकार पालकास द्यावा.

मासा बोलत नाही. अन्न नाकारणे हीच त्याची तक्रार असते. ती तक्रार पाण्याची आहे, शेजाऱ्याची आहे, रोगाची आहे की केवळ ताटातील पदार्थाची, हे याच क्रमाने शोधले, तर बहुतेक वेळा उत्तर सापडते. जो पाळतो त्याने एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत. आणि ज्याची तशी तयारी नाही, त्याने समुद्राचे धन समुद्रातच राहू द्यावे.